वाचक विचारतात : डोंगरातली बॉर्डर सील का होत नाही?

या खेपेला बहुतेक सगळे प्रश्न एकाच विषयावर आलेत, डोंगरातली सीमा आणि तिथून होणारी घुसखोरी. काही रागात लिहिलेत, काही अभ्यासासाठी, आणि दोन-तीन जणांनी तर प्रश्न न विचारता नुसतंच "सील करून टाका एकदाचं" असं पाठवलंय, त्यांना पण खाली उत्तर सापडेल. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : एवढं मोठं सैन्य आहे तरी दर उन्हाळ्यात "घुसखोरीचा डाव उधळला" अशी बातमी असतेच. मुळात डाव टाकायची हिंमतच कशी होते? माणसाला लागून माणूस उभा करा आणि नियंत्रण रेषा बंद करा. (निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : काका, तुम्ही बँकेतले, तर आकड्यातच बोलू. नियंत्रण रेषा साधारण ७४० किलोमीटर. दर दहा मीटरला एक जवान धरला तर एका वेळी ७४ हजार लागतात, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरा, झाले २ लाख २२ हजार, आणि यात सुट्टीवर गेलेले, आजारी पडलेले, लंगर चालवणारे, रेशन वर चढवणारे, वायरलेसवर बसलेले असं कोणीच धरलेलं नाहीये. बरं एवढं करून काय मिळालं, तर दहा मीटरचं अंतर, जे दिवसा मोकळ्या मैदानात काहीच नाही पण रात्री देवदारच्या जंगलात पाऊस लागलेला असताना पाच मीटरवरून कोणी गेलं तरी पत्ता लागत नाही. शिवाय ७४० हा नकाशावरचा आकडा. नकाशाला चढ-उतार नसतो, पायाला असतो.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. ही रेषा कोणी संरक्षणाचा विचार करून आखलेली नाहीये. आधी १९४९ ची युद्धबंदी रेषा, मग १९७१ च्या युद्धात १७ डिसेंबरला ज्याचे पाय जिथे होते तिथे तो थांबला, आणि १९७२ मध्ये सिमला करारानंतर त्यालाच नियंत्रण रेषा म्हणून नकाशावर उतरवलं. त्यामुळे कुठे धार, म्हणजे डोंगराचा उंच कणा, आपल्याकडे तर कुठे समोरच्याकडे, कुठे आपली पोस्ट खाली आणि त्यांची डोक्यावर, कुठे मधून नाला वाहतोय. राखणाऱ्याला विचारलं असतं तर त्याने सगळ्या उंच धारा मागितल्या असत्या, पण विचारलं कोणी.

म्हणून डोंगरात कुठलीच फौज खांद्याला खांदा लावून उभी राहत नाही. थर लावतात. पुढे पोस्ट, मग कुंपण, कुंपणाच्या मागे नाल्यांवर आणि पायवाटांवर रात्री अँबुश लावून म्हणजे दबा धरून बसलेल्या तुकड्या, त्याच्या मागे गावं, त्याच्याही मागे राष्ट्रीय रायफल्स, म्हणजे सैन्याचंच दहशतवाद्यांशी लढणारं दल. पहिल्या थरातून सुटला तो दुसऱ्यात सापडावा असा हिशोब. बातमीत जो "डाव उधळला" असतो तो बऱ्याचदा या मधल्या थरांमध्येच उधळलेला असतो, तेव्हा पुढचा थर फेल गेला असं लगेच समजू नका.

प्रश्न : सर, तिथे विजेचं डबल कुंपण आहे असं वाचलं. मग ते कापून लोक येतात कसे? आणि येतच असतील तर कुंपणाचा उपयोग काय? (बारावीची विद्यार्थिनी)

उत्तर : दुसरा प्रश्न भारी आहे, तिथूनच सुरू करतो.

कुंपण माणसाला थांबवत नाही, उशीर करतं, रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरसारखं. सगळा खेळ दोन वेळांचा आहे. अडथळा पार करायला समोरच्याला किती वेळ लागतो, आणि खबर लागल्यावर आपली माणसं तिथे पोचायला किती वेळ लागतो. पहिला वेळ दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर कुंपण कामाचं, नाहीतर नुसतं लोखंड.

आता सपाटीवर हे जमवता येतं, कुंपणालगत रस्ता करा, गाडी ठेवा, पाच मिनिटात माणसं हजर. डोंगरात काय होतं ते एका जुन्या नियमाने बघ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ हिशोब दिला होता, ट्रेकिंगवाले अजून वापरतात : सपाट चालीला दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा गडबड झालेली जागा पोस्टपासून नकाशावर फक्त २ किलोमीटर आहे पण ९०० मीटर वर आहे. तर २ किलोमीटरला २४ मिनिटं आणि चढाला दीड तास, म्हणजे जवळपास दोन तास झाले, आणि हे दिवसाउजेडी, चांगल्या वाटेने, हलक्या पाठीने. रायफल, दारूगोळा, बुलेटप्रूफ, अंधार, ओले दगड धरलेस तर वेळ कुठल्या कुठे जातो. तार कापायला मात्र चांगला कटर असेल तर काही मिनिटं पुरतात. तू गणितात बरी असशील तर इथेच लक्षात येईल की डोंगरात नुसतं कुंपण कायम हरणार.

म्हणून तिथे माणसं कुंपणाकडे धावत येत नाहीत, ती आधीच येऊन बसलेली असतात. कुंपणाचं खरं काम हे की येणाऱ्याला मनाला येईल तिथून येऊ द्यायचं नाही, त्याला ठराविक नाल्या-घळींकडे ढकलायचं, तिथे त्याचा वेळ खायचा, आवाज करायला लावायचा, आणि त्या घळीच्या तोंडाशी आपली तुकडी संध्याकाळपासून दगडाआड पडून असते. हलायचं नाही, खोकला आला तर तोंडात कपडा, असं अख्खी रात्र. पेपरात कुंपणाचा फोटो येतो कारण कुंपणाचा फोटो काढता येतो.

आपलं हे कुंपण २००३-०४ मध्ये झालं, रेषेच्या ७४० पैकी साधारण ५५० किलोमीटरवर, दोन रांगा, मधे काटेरी गुंडाळ्या, उंची आठ ते बारा फूट. आधी काम पुढे सरकायचं नाही कारण पलीकडून तोफा-मोर्टार सुरू व्हायचे, नोव्हेंबर २००३ ला युद्धबंदी झाली आणि मग झपाट्याने उरकलं. हे लक्षात ठेव, कुंपण बांधायला पण आधी शांतता लागते. आणि ते ऐन रेषेवर नाहीये, आपल्या बाजूला आत आहे, कुठे थोडं तर कुठे बरंच, कारण जमीन जिथे खांब धरेल तिथेच बांधता येतं. मग येतो हिवाळा. उत्तर काश्मीरच्या उंच भागात कुंपण बर्फाखाली जातं, बर्फ सरकताना खांब वाकतात, तारा तुटतात, आणि खिंडी उघडायच्या सुमारास दरवर्षी दुरुस्ती लागते, म्हणजे नेमकं घुसखोरीचा सीझन सुरू व्हायच्या टायमाला कुंपण सगळ्यात लंगडं असतं.

एक गंमत म्हणून सांगतो, इतकी वीज आणि सेन्सर असून जवान तारेला काचेच्या रिकाम्या बाटल्या टांगतात. तार हलली की किणकिण. वारा सुटला की अर्थात रात्रभर किणकिण, त्यामुळे वारा नसताना झालेला आवाज कोणता आणि वाऱ्याचा कोणता हे कान शिकतो. सकाळी कुंपणाच्या कडेने चालत जाऊन मातीत पाऊल उमटलंय का, कुठे तारेला कपड्याचा धागा अडकलाय का, हे बघणं रोजचं काम.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे. थर्मल कॅमेरे, रडार, ग्राउंड सेन्सर, ड्रोन, वर आता एआय. माणसं काढून सगळं ऑटोमॅटिक का करत नाहीत, जीव तरी वाचतील.

उत्तर : जीव वाचावेत हे बरोबर, पण तुम्ही डेटाशीट वाचताय आणि तिथे डोंगर आहे.

कॅमेरा असो की रडार, दोघांना समोर मोकळी नजर लागते. धारेचा पलीकडचा उतार, नाल्याचा तळ, मोठ्या खडकामागची जागा, याला फौजेत डेड ग्राउंड म्हणतात, आणि डोंगरात असं डेड ग्राउंड पावलोपावली. घुसखोराचा गाईड तिथलाच असतो, त्याला ते तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. थर्मल कॅमेरा अंधारात फार छान चालतो हे खरंय पण धुकं आणि पाऊस त्याचे शत्रू, आणि दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, अशी वेळ येते की आजूबाजूचे खडक आणि समोरची वस्तू यांच्या तापमानातला फरक पुसट होतो आणि चित्र धुवून निघाल्यासारखं दिसतं. पहाट आणि तिन्हीसांजा, हलायला सगळ्यात सोयीच्या वेळा.

जमिनीतल्या सेन्सरचा प्रॉब्लेम वेगळाच. अस्वल, घरंगळलेला दगड, उन्हाळ्यात बकरवालांच्या म्हणजे फिरत्या मेंढपाळांच्या बकऱ्यांचे कळप, सगळ्यांना तो ओरडतो. एका रात्रीत वीस वेळा खोटा अलार्म झाला तर एकविसाव्या वेळी माणूस उठतो का, तुम्हीच सांगा. हा दोष सेन्सरचा नाही आणि माणसाचाही नाही, पण सिस्टीमचा आहे.

ड्रोनचं म्हणाल तर ४ हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असते, पंख्यांना पकड मिळायला जास्त फिरावं लागतं, त्यात थंडीने बॅटरी लवकर बसते, आणि खिंडीतला वारा. फौज ड्रोन वापरते, भरपूर वापरते, पण खाली मैदानात अमुक मिनिटं उडणारं यंत्र वर तेवढं उडेल या भरवशावर ड्युटी लावता येत नाही. आणि काही बिघडलं तर? केबल उंदराने खाल्ली, कनेक्टरमध्ये बर्फ गेला, टेक्निशियन खालच्या बेसवर आणि वाट बंद. तोवर तिथे कोण बघणार, तर तोच दुर्बीण घेतलेला जवान.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये जम्मूच्या आंतरराष्ट्रीय सीमेवर स्मार्ट फेन्सचे, म्हणजे कॅमेरे-सेन्सर लावलेल्या कुंपणाचे, दोन पायलट प्रोजेक्ट सुरू झाले, प्रत्येकी साधारण साडेपाच किलोमीटर. चांगला प्रयोग आहे, पण तो भाग बघा, सपाट, नदी-नाल्यांचा. तिथे जमलं म्हणून उत्तर काश्मीरमधल्या शमसाबारीच्या धारेवर जमेल असं नाही. माझं मत विचाराल तर यंत्राने माणूस कमी करायचा हट्ट सोडावा आणि माणूस नेमका कुठे पाठवायचा हे यंत्राला विचारावं, त्यात ते पैसा वसूल करतं.

आणि समोरच्याकडे पण यंत्रं आहेत हो. २०१९ पासून पंजाबात ड्रोनने शस्त्रं टाकायला सुरुवात झाली, जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली. डोंगर बंद केला की ते हवेतून येतात, जम्मूजवळ सांबाकडे जमिनीखालून बोगदे सापडतात. एक दार लावलं की दुसरं ठोठावलं जातं.

प्रश्न : माझे मिस्टर उत्तर काश्मीरमध्ये पुढच्या पोस्टवर असतात. हिवाळ्यात खिंडी बंद, घुसखोरी पण जवळपास बंद, मग त्या महिन्यांत एवढ्या उंचीवर माणसं का ठेवतात? खाली आणत का नाहीत?

उत्तर : ताई, पूर्वी काही भागात आणायचे. कारगिल भागात हिवाळ्यात बऱ्याच उंच पोस्ट रिकाम्या करायची पद्धत दोन्हीकडे होती. १९९९ मध्ये बर्फ वितळायच्या आत पाकिस्तानी सैन्याची माणसं येऊन त्या रिकाम्या उंचीवर आणि मधल्या मोकळ्या जागांत बसली, आणि मग त्याच चौक्या खालून वर चढत, समोरून गोळ्या येत असताना, मे ते जुलै लढून परत घ्याव्या लागल्या. ५०० हून अधिक जवान गेले. तेव्हापासून धडा असा की डोंगरात वर बसलेला माणूस काही करत नसला तरी त्याचं तिथे असणं हेच काम आहे. ओमानमध्ये पण असंच झालं होतं, १९७० च्या दशकात तिथल्या सैन्याने डोंगरात एक अडथळा-रेषा उभी केली आणि पावसाळ्यात पोस्टना रसद पुरवता येईना म्हणून सोडून दिली, सगळी मेहनत पाण्यात.

तुम्हाला काळजी वाटणारच. हिवाळ्यात गोळीपेक्षा हिमस्खलनाची भीती जास्त असते हे लपवण्यात अर्थ नाही. त्यासाठी डीआरडीओची एक संस्था सेक्टरनिहाय इशारे देते, इशारा असला की हालचाल थांबवतात, आणि चालायचंच असेल तर ऊन वर यायच्या आत, बर्फ घट्ट असताना चालतात. रेशन, रॉकेल, औषधं हे सगळं पाऊस-बर्फाच्या आधी खेचरांवरून आणि पोर्टरच्या पाठीवरून वर गेलेलं असतं. फोन लागला नाही तर बहुतेक वेळा टॉवरला किंवा बॅटरीला काहीतरी झालेलं असतं, लगेच वाईट मनात आणू नका. युनिटच्या फॅमिली वेल्फेअरचा नंबर तुमच्याकडे असू द्या, चार दिवस काही कळलं नाही तर तिथे विचारायला अजिबात संकोच करू नका, त्यांचं ते कामच आहे.

प्रश्न : सुरुंग पेरून टाकले तर विषयच संपला ना?

उत्तर : नाही संपत. बर्फ आणि दरड सुरुंगाला जागेवर राहू देत नाही, तो खाली सरकतो, आणि पेरणाऱ्याच्या नकाशात तो वरच असतो. मग पाय जातो तो लाकूडफाटा आणायला गेलेल्या बाईचा, गुराख्याचा किंवा आपल्याच गस्तीवरच्या जवानाचा. १९९७ च्या सुरुंगबंदी करारावर भारत, पाकिस्तान, चीन तिघांनीही सही केलेली नाही, त्यामुळे सुरुंग आहेतच, पण घुसखोरीवर ते औषध नाही. अल्जीरियात फ्रेंचांनी पेरलेले लाखो सुरुंग काढता काढता स्वातंत्र्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं गेली.

प्रश्न : सीमेजवळची गावंच मागे हलवली तर? रिकाम्या पट्ट्यात जो दिसेल तो घुसखोर, सोपं काम.

उत्तर : हा प्रश्न तीन जणांनी पाठवलाय, तिघांनाही एकच सांगतो, हे ऐकायला सोपं आहे आणि करायला घातक.

१९९९ च्या मे महिन्यात कारगिल भागातल्या बटालिकच्या बाजूला कोणीतरी घुसलंय हे पहिल्यांदा कोणाला दिसलं? रडारला नाही, सॅटेलाइटला नाही. गारखून गावचे ताशी नामग्याल आपला हरवलेला याक शोधायला वर गेले होते, दुर्बिणीतून बघताना अनोळखी माणसं बंकर खणताना दिसली, त्यांनी येऊन सैन्याला सांगितलं. गाव रिकामं असतं तर याक पण नसता आणि नामग्याल पण नसते. डोंगरातल्या माणसाला कुठली वाट कधी वापरात असते, कोणाचा कुत्रा कुठल्या वेळी भुंकतो, ढोकात म्हणजे वरच्या गुराख्यांच्या झोपडीत धूर निघतोय तो कोणाचा, हे न विचारता माहीत असतं. ही माहिती विकत मिळत नाही, किंवा मिळते पण मग समोरचा जास्त पैसे देऊन तीच विकत घेतो. घुसखोरांचे गाईड पण शेवटी अशाच गावांमधून येतात.

आणि "जो दिसेल तो घुसखोर" या वाक्याचं काय होतं ते २०१० मध्ये उत्तर काश्मीरमधल्या माछिलला दिसलं. तीन तरुणांना नोकरीचं आमिष दाखवून नियंत्रण रेषेजवळ नेलं आणि घुसखोर म्हणून मारलं. प्रकरण बाहेर आलं आणि त्या उन्हाळ्यात खोरं पेटलं त्यामागच्या कारणांमध्ये हे एक मोठं कारण होतं. एका खोट्या चकमकीने किती खरे खबरी गेले असतील याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

आताही काही गावं कुंपणाच्या पुढे आहेत, भारतातच, पण तारेच्या पलीकडे. त्यांना स्वतःच्या घरी जायला गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं, रजिस्टरमध्ये नोंद, ठरलेल्या वेळेत ये-जा. रात्री बाई अडली, पोराला ताप आला, लग्नाला पाहुणे आले, प्रत्येक वेळी गेट. जवानाच्या जागी तो नियम बरोबर आहे आणि गावकऱ्याच्या जागी तो रोजचा जाच आहे, दोन्ही खरं. माझ्या मते सुरक्षेवर खर्च करायच्या पैशातला काही पैसा या गेटवर लावावा, रात्रीची सोय, एक अँब्युलन्स, पोर्टरची मजुरी वेळेवर. यात भावनेचं काही नाही, खबर तिथूनच येते.

प्रश्न : जगात कुठे डोंगरी सीमा यशस्वीपणे बंद झालीये का? की सगळीकडे रडगाणंच? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

उत्तर : झालीये, पण जिथे झाली तिथे नीट बघ काय काय जुळून आलं होतं.

अल्जीरिया आधी घे. ट्युनिशियाच्या सीमेवर फ्रेंचांनी १९५७ मध्ये मोरिस लाइन पूर्ण केली, ५ हजार व्होल्टची तार, सुरुंग, रडार, आणि मागे प्रचंड फौज. १९५८ च्या पहिल्या काही महिन्यांत बंडखोरांनी ती फोडायचा जीव तोडून प्रयत्न केला आणि जबर मार खाल्ला, त्यानंतर त्यांचं बाहेरचं सैन्य ट्युनिशियातच अडकून पडलं. सैनिकी भाषेत हे शंभर टक्के यश. आणि १९६२ ला अल्जीरिया स्वतंत्र झाला. कारण आत लोकच फ्रेंचांच्या बाजूने नव्हते, वीस लाखांच्या आसपास गावकऱ्यांना घराबाहेर काढून छावण्यांत कोंबलं होतं. परीक्षेत फक्त लाइन लिहून थांबलास तर अर्धे मार्क, हे पुढचं पण लिही.

ओमानच्या धोफार भागातलं युद्ध मात्र मनापासून अभ्यास करण्यासारखं आहे. दक्षिण येमेनमधून बंडखोरांना उंटांवरून शस्त्रं यायची. १९७४ मध्ये समुद्रकिनाऱ्यापासून आत डोंगरात हॉर्नबीम लाइन बांधली, फक्त ५३ किलोमीटर. बघ हं, ५३, म्हणून तर ती राखता आली. उंच जागी चौक्या, तार, सुरुंग. माणूस एखादा सरपटत जाऊ शकत होता पण भरलेला उंट जाऊ शकत नव्हता, आणि मोर्टार, दारूगोळा, धान्य उंटाशिवाय येत नाही. म्हणजे त्यांनी माणूस अडवायच्या नादी न लागता सामान अडवलं. पण त्याच वेळी आत काय चाललं होतं, तर १९७० ला सत्तेवर आलेल्या सुलतान काबूसने माफी जाहीर केली, विहिरी खणल्या, दवाखाने काढले, शरण आलेल्या बंडखोरांच्याच तुकड्या बनवल्या ज्यांना फिरकत म्हणायचे. डिसेंबर १९७५ ला युद्ध संपल्याचं जाहीर झालं. लाइनने बंडखोरांचा दम तोडला, पण विहिरीने माणसं वळवली.

ग्रीसमध्ये तर तारेची गरजच पडली नाही. यादवी युद्धात कम्युनिस्ट बंडखोर उत्तरेच्या डोंगरात लढायचे आणि युगोस्लाव्हियात जाऊन दम खायचे. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाचा टिटो आणि सोव्हिएत रशियाचा स्टालिन यांचं बिनसलं, ग्रीक बंडखोर स्टालिनच्या बाजूला गेले, १९४९ च्या जुलैमध्ये टिटोने सीमा बंद केली, ऑगस्टमध्ये ग्रामोस-वित्सीच्या डोंगरात बंडखोर मोडले, ऑक्टोबरला खेळ खल्लास. अर्थात ग्रीक सैन्याला अमेरिकेची भक्कम मदत होती हेही आहेच, पण सीमा बंद झाली ती पलीकडच्या बाजूने.

आणि आता उलटं उदाहरण. पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेची ड्युरँड रेषा, १८९३ ची, २६०० किलोमीटरच्या वर. पाकिस्तानने २०१७ पासून तिथे दुहेरी कुंपण घातलं, शेकडो किल्ले बांधायचं ठरवलं, आणि २०२२ च्या सुरुवातीला ९४ टक्के काम झालं असं त्यांचंच सैन्य सांगत होतं. तोपर्यंत काबूलमध्ये तालिबान आले होते, त्यांनी ही सीमाच मान्य नाही म्हणत काही ठिकाणी तार उपटली, आणि टीटीपीचे म्हणजे पाकिस्तानी तालिबानचे हल्ले त्या काळात वाढतच गेले. पलीकडे आसरा देणारं कोणी असेल तर तो माणूस कुंपणापाशी थांबून, वाट बघून, चार वेळा परत जाऊन पाचव्यांदा येऊ शकतो. आणि ज्यांचा बंडाशी संबंध नाही त्यांचं काय झालं? पाकिस्तानातल्या चमन या सीमेवरच्या गावात रोज सीमा ओलांडून मजुरी-व्यापार करणाऱ्यांना अचानक पासपोर्ट सक्तीचा केला, २०२३ च्या ऑक्टोबरपासून कित्येक महिने लोक धरणं देऊन बसले.

प्रश्न : म्यानमार सीमेवर कुंपण घालायचं ठरलंय. वरचं सगळं तिथे पण लागू होतं का? (ईशान्य भारतात नोकरी केलेला वाचक)

उत्तर : होतं, आणि अडचणी त्याहून जास्त. सीमा १६४३ किलोमीटर, घनदाट जंगल, पावसाळा मोठा, रस्ते कमी. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेलमध्ये १८ जवान मारून हल्लेखोर सीमेकडे गेले होते, तेव्हा धोका खोटा नाहीये. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने पूर्ण सीमेला कुंपण आणि मुक्त ये-जा बंद असं जाहीर केलं, तेव्हा कुंपण मणिपूरच्या मोरे गावाच्या बाजूला फक्त दहा किलोमीटर झालेलं होतं. नागालँड आणि मिझोरामने विरोध केला. तुम्ही तिकडे राहिलात म्हणजे लोंगवा माहीत असेल, मोन जिल्ह्यातलं, जिथे गावच्या अंघचं म्हणजे राजाचं घर अर्धं भारतात अर्धं म्यानमारमध्ये आहे. तिथे खांब कुठे रोवणार, चुलीच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे शेत आहे, मामा आहे, कब्रस्तान आहे. मला वाटतं मोरेसारख्या वाहत्या जागी कुंपण ठीक, बाकी ठिकाणी तोच पैसा सीमेला लागून रस्ते आणि आसाम रायफल्सच्या जास्त चौक्या यावर घातला तर जास्त उपयोग, कारण दोन वेळांचा तोच हिशोब, तिथे आपला पोचायचा वेळ कमी करणं हेच हातात आहे.

आणि शेजारी. २००३ च्या डिसेंबरमध्ये भूतानने स्वतःच्या सैन्याने आपल्या जंगलातले उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातल्या बंडखोर संघटनांचे ३० कॅम्प उठवले, काही आठवड्यांत. आधी कित्येक वर्षं बोलणी चालली होती, ती कोणाला कंटाळवाणी वाटली असतील, पण त्या सीमेवर जे काम झालं ते कुठल्याही कुंपणाने झालं नसतं. म्यानमारमध्ये आज बोलायचं कोणाशी हाच प्रश्न आहे, सीमेचा बराच भाग तिथल्या सरकारच्या ताब्यात नाहीये, तेव्हा भूतान परत घडेल असं काही मी म्हणणार नाही.

प्रश्न : सर, मीच ती बारावीवाली, उत्तर आधी मेलवर पाठवलंत ते वाचलं. मला यावर कॉलेजसाठी प्रोजेक्ट करायचाय. घरबसल्या काय करता येईल?

उत्तर : सीमेचा नकाशा शोधत बसू नकोस, त्या भागाचे मोठ्या स्केलचे नकाशे सहज मिळत नाहीत आणि गरजही नाही. कुठल्याही डोंगराळ भागाचा कंटूर, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या रेघा, असलेला नकाशा घे. एका उंच जागी पोस्ट मान, तिथून दोन-तीन किलोमीटरवरच्या नाल्यापर्यंत सरळ रेघ मार. रेघ जिथे जिथे कंटूरला छेदते तिथली उंची ग्राफपेपरवर घे आणि जोड, झाला डोंगराचा उभा छेद. आता पोस्टवर पट्टी ठेवून ती हळूहळू खाली फिरव, जो भाग पट्टीच्या खाली झाकला जातो तो रंगव, ते तुझं डेड ग्राउंड. असं पोस्टभोवती सगळ्या बाजूंनी आठ रेघांवर कर. मग नेस्मिथचा नियम लावून पोस्टपासून प्रत्येक झाकलेल्या जागेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो तो लिही, आणि शेवटी एकच प्रश्न सोडव, तुझ्याकडे अँबुशला दोनच तुकड्या आहेत, तर त्या कुठे बसवशील? कुठे बसवल्यास यापेक्षा का बसवल्यास हे जास्त लिही, परीक्षक तेच विचारतील. नकाशाचा आणि छेदाचा फोटो पाठव, पुढच्या अंकात जागा असली तर छापू.